हायब्रीडचं ॲव्हरेज काढायला शिरपूरला गेलो

माझी छोटी पेट्रोल गाडी आता अकरा वर्षांची झाली. मेहरूण तलावाजवळच्या आमच्या कॉलनीत जो भेटतो तो विचारतो, "काय साहेब, बदलायची कधी?" मी इरिगेशनमधून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, बिनलग्नाचा माणूस. मला सल्ला द्यायला लोकांकडे भरपूर वेळ असतो. निम्मे म्हणतात, पुन्हा छोटीच घ्या. उरलेले म्हणतात, आता हायब्रीडचा जमाना आहे. मी कोणाचं ऐकणारा नाही, मोजून बघणारा आहे.

शाळेपासूनचा मित्र प्रमोद याने गेल्या वर्षी हायब्रीड घेतली. तो म्हणाला, "दोन दिवस घेऊन जा, पण पुन्हा मला प्रश्न विचारू नकोस." बुधवारी सकाळी त्याची किल्ली घेतली आणि निघालो.

तुलना करणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगतो. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका, तो आकडा लाडाचा असतो. टाकी फुल करायची, नळी आपोआप थांबली की तिथेच बस म्हणायचं, आणि परत येऊन त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. चाकातली हवा सारखी, वेग ऐंशीच्या आत, एसी पंचवीसवर. आणि गाडीत वजन सारखं हवं, म्हणजे माझ्या बाबतीत एक माणूस आणि एक पिशवी. ही अट पाळणं मला अजिबात जड गेलं नाही. आदल्या आठवड्यात माझी छोटी गाडी अशीच धुळ्यापर्यंत नेऊन आणली होती. तिने लिटरला वीस दिले.

जळगाव ते धुळे साधारण पंचाण्णव किलोमीटर. रस्ता आता चांगला आहे, पाळधी-एरंडोल कधी मागे पडलं कळत नाही. हायब्रीडची गंमत गावात कळते. सिग्नलला उभी राहिली की इंजिन बंद, हळूहळू निघाली की नुसती बॅटरीवर, आवाज नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र तिलाही पेट्रोल प्यावंच लागतं. हे शोरूममध्ये सांगत नाहीत.

पारोळ्याला बाजार समितीच्या बाजूला चहाला थांबलो. इंजिन थांबलेलं, एसी चालू, मी आत बसून वहीत आकडे लिहीत होतो. एक आबा काचेवर टकटक करून म्हणाले, "भाऊ, तुमनी गाडी बंद पडनी का?"

"बंद नाही आबा, बॅटरीवर आहे."

"मंग पेट्रोल कितलं पेस?"

"पंचवीसच्या आसपास जाईल लिटरला."

"आनि तुमनं रनिंग?"

"महिन्याला तीनशे-साडेतीनशे."

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग फटफटी काय वाईट शे?" चहावाला हसला. मीही हसलो, पण आकडा मनात राहिला. मोकळ्या रस्त्यावर हायब्रीड शंभर किलोमीटरमागे एक लिटर वाचवते, म्हणजे किलोमीटरला साधारण एक रुपया. ती माझ्या छोट्या गाडीच्या नव्या मॉडेलपेक्षा पाचेक लाखांनी महाग. माझ्या रनिंगने ते पाच लाख वसूल व्हायला मला अजून सव्वाशे वर्षं जगावं लागेल. तेवढी हौस नाही.

आई होती तेव्हा रनिंग एवढं कमी नव्हतं. तिला सगळीकडे जायचं असायचं. ती गेल्याला तीन वर्षं झाली, आणि गाडी आता भाजी बाजार, दवाखाना आणि वर्षातून एखाद्या लग्नापुरती निघते.

धुळ्याला दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. तिखट एवढं की पाणी पिऊन भागेना, ताक मागवावं लागलं. थाळी एकशे साठ रुपये. नऊशे रुपयांत स्टँडजवळ खोली मिळाली, स्वच्छ होती. संध्याकाळी पांझरेच्या पुलावर जाऊन आलो. तिथे जोडीने, घोळक्याने माणसं गप्पा मारत होती. मी ट्रॅफिकमधल्या ॲव्हरेजचा विचार करत उभा होतो. खरं सांगायचं तर माझ्याकडे विचार करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

हायब्रीडचा हिशेब तीनशेच्या आसपास किलोमीटर झाल्याशिवाय पक्का होत नाही, म्हणून पुढे शिरपूरपर्यंत जायचं ठरवलं होतं. शिरपूरला माझी मोठी बहीण राहते, अक्का. गुरुवारी सकाळी तिला फोन केला, "अक्का, मी येतोय. गाडी आणलीय. दुपारनंतर परत निघेन." ती म्हणाली, "ये, ये!" आणि फोन ठेवलाच.

धुळे-शिरपूर बावन्न किलोमीटर, चौपदरी, ट्रक भरपूर. नरडाण्यापर्यंत उसाच्या रसाची दुकानं दिसतात, एका ठिकाणी थांबायला हरकत नाही. तापीचा पूल ओलांडला की आलंच शिरपूर.

अक्काच्या दारात गाडी लावली तर ती ओट्यावर उभी. अंगावर इस्त्रीची साडी, पायात चपला. बाजूला बॅग, त्यावर कुरडया-पापडांचा डबा, आणि एका पिशवीत मोठं पिकलेलं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. शेजारच्या दोन बाया बघायला आलेल्या. सून उज्ज्वला दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"उना रे भाऊ! चाल, मी तयारच शे. ऊन भलतं शे, बेगी निंघूत."

मला काही कळेना. मग एकदम कळलं. रविवारी आखाजी होती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा हिचं कौतुक जास्त. घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय बाई आपल्या पायाने माहेरी जात नाही, मग ती साठीची का असेना. आई असताना दरवर्षी मीच जायचो. आई गेल्यावर गेलो नाही. घरात बाईमाणूस नाही, तिचं कोण करणार, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तिनेही कधी विचारलं नाही. आणि आता आखाजीच्या तोंडावर भावाने फोन करून सांगितलं होतं, गाडी घेऊन येतोय आणि आजच परत जायचंय. खान्देशातल्या कुठल्याही बाईने बॅगच भरली असती.

मी "चल" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी बॅगेकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं, "अक्का, एवढं वजन? अगं, मला एकट्यानेच परत जायचंय. ॲव्हरेज काढतोय गाडीचं."

शेजारच्या बाया एकमेकींकडे न बघता आपापल्या घरी गेल्या. अक्का म्हणाली, "हाव का? बरं." तिने चपला काढल्या आणि बॅग स्वतःच उचलून आत नेली, मला हात लावू दिला नाही.

चहा झाला. तिने गाडीचं सगळं विचारलं, किंमत, रंग, बॅटरी किती वर्षं टिकते. मी उत्तरं देत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. शेवटी म्हणालो, "अक्का, चल ना तू. ॲव्हरेजचं काय, पुन्हा काढीन."

ती शांतपणे म्हणाली, "लेवाले येस तो मुराळी. चहा पेवाले येस तो पाव्हना. पाव्हनासंगे मी कशी येऊ?"

निघताना तिने सांजोऱ्यांचा डबा आणि ते डांगर माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं. "मायनी घागर कोन भरस?"

"कोणीच नाही."

"यंदा तू भर."

परतीचे दीडशे किलोमीटर मी रेडिओ लावला नाही. जळगावला त्याच पंपावर टाकी फुल केली. पंपावरच्या माणसाने आकडा बघून विचारलं, "एकटेच होते ना साहेब? म्हणून एवढं दिलं गाडीने." लिटरला साडेपंचवीस. आजवर मी काढलेलं सगळ्यात चांगलं ॲव्हरेज.

शुक्रवारी सकाळी अक्काला फोन केला, की आत्ता निघतो, न्यायलाच येतोय. उज्ज्वलाने उचलला. ती तिच्या भावाबरोबर माहेरी निघाली होती. काल माझा फोन आल्यावर तिने घर सांभाळायचं आणि अक्काने माहेरी यायचं ठरलं होतं, आता अक्का नातवंडांपाशी थांबणार होती. "मामा, तुम्ही काल न्यायचं ना," एवढंच ती म्हणाली.

प्रमोदला किल्ली परत दिली. निकाल ज्यांना हवा त्यांच्यासाठी: रोज गावातल्या गर्दीत पन्नास-साठ किलोमीटर चालवत असाल, घरात माणसं असतील, तर हायब्रीड घ्या, समाधान होईल. माझ्यासारख्याने छोटी गाडीच ठेवावी. मी तिला नवे टायर टाकले.

रविवारी घागर भरायला बसलो. मातीची नवी घागर आणली होती, पण पुढे काय करतात ते आठवेना. अक्काला फोन लावला. तिने रागाचं एक अक्षर काढलं नाही. पाणी किती, सूत कसं गुंडाळायचं, वर डांगर कसं ठेवायचं, सगळं सावकाश सांगितलं. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने विचारलं, "जेवाले कोन कोन शे?"

"मीच आहे, अक्का."

तिने तिकडे नातवंडांना टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"मंग फोन ठेवू नको," ती म्हणाली. "ताट वाढी ले. तू जेव, मी शे आठे."

मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसलो.