झाकणाची चार भोके

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — बायकोला नाही, देवासमोरही नाही. आज बोलतो आहे, कारण राजेंद्र नगरच्या बागेत भेटणारे माझे निवृत्त सहकारी ही हकीकत अजून सांगतात, आणि प्रत्येक जण चुकीची सांगतो. एक म्हणतो, सॉफ्टवेअर बिघडले. दुसरा म्हणतो, वर्कशॉपने भोके वाकडी पाडली. तिसरा तर माझीच आरती ओवाळतो — म्हणे, त्या मुलीची चूक सरांनी नुसत्या नजरेने पकडली. साफ खोटे. त्या टेबलाशी मी होतो. यांच्यापैकी कोण होता?

तीस वर्षे मी हाताने ड्रॉइंग काढली. मग संगणकावर ड्रॉइंग काढणारी वैशाली नोकरीला आली, आणि साहेबांनी मला तिच्या शेजारी बसवले — शिकायला. तिच्या पडद्यावर यंत्राची पेटी आणि तिचे झाकण राखाडी पोकळीत तरंगत असत. स्वप्नात वस्तूंना वजन नसते, तशी. दोन्ही भाग जोडलेले असतानाच ती त्यांतून चार भोके आरपार पाडी. झाकणाची भोके पेटीच्या भोकांशी बांधलेली राहत — ती सरकली की हीही सरकत. मग ती पेटी सावकाश फिरवी, आणि चारही भोकांतून पलीकडचा उजेड येई. अजूनही दुपारी डोळा लागता लागता तो उजेड मला दिसतो. फार सुंदर होते ते. मी तसे कधी म्हणालो का? नाही.

त्या दिवशी सगळे तपासून ती जेवायला गेली. फाइल वर्कशॉपला जायची होती. मी तिच्या खुर्चीत बसलो. माउसवरचा हात जणू दुसऱ्याच कोणाचा होता, पाण्याखाली हलावा तसा हलत होता... छे, ही पळवाट झाली. हात माझाच होता. झाकणाचा पेटीशी असलेला दुवा मी तोडला, आणि झाकणाची दोन भोके दोन मिलिमीटर बाजूला नेली. कशासाठी? संगणकही चुकतो, हे चारचौघांत दिसावे म्हणून. ती अजून कायम झालेली नव्हती, तिची नोकरी याच कामावर ठरणार होती — हे मला ठाऊक नव्हते? होते.

वर्कशॉपमधून आलेली झाकणे पेट्यांवर बसली नाहीत. सगळे गोळा झाल्यावर मी पट्टी न लावता नेमक्या त्याच दोन भोकांवर बोट ठेवले. फिटर हसला, “भिया, कंप्यूटर फेल, सरजी की आँख पास.”

वैशाली माझ्याकडे वळली. “सर, होल तर मी असेंब्लीतच, दोन्ही पार्ट जोडूनच केले होते. तुम्ही बाजूलाच बसले होते ना?”

“माझे लक्ष नव्हते,” मी म्हणालो.

तिला कायम केले नाही. शेवटच्या दिवशी ती सर्वांचा निरोप घेत माझ्या टेबलाशी आली, आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला — आणि म्हणालो, “यशस्वी हो.”