पानिपतची ती मुलगी कुणाची

गुडगावातल्या एका विमा कंपनीत माणसं निवडायचं काम सुनीती करते. समोर बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी पाठवलेलं आहे, असं धरूनच ती सुरुवात करते. स्वभावच संशयी, असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. संशय तिला शिकवला गेला, आणि चांगला घोटवून घेतला गेला.

कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी गेस्ट हाउसमध्ये तिचे वडील भालचंद्र स्वयंपाकी होते. मागच्या बाजूच्या एका खोलीत ती जन्मली आणि तिथंच वाढली. शाळेतल्या मैत्रिणी मात्र लक्ष्मीबाई नगरच्या, साहेबलोकांच्या मुली. दिल्लीत सरकारी क्वार्टरला टाइप असतो, आणि टाइप सांगितला की बापाचा हुद्दा कळतो. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. उत्तरा नावाच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या आईनं मोठ्या मायेनं विचारलं, "तुमचा टाइप कोणता गं?"

"आम्ही गेस्ट हाउसमध्ये राहतो, काकू."

काकूंना वाटलं, नुकतंच बदलून आलेलं कुणी बडं कुटुंब आहे, क्वार्टर मिळेपर्यंत तिथं उतरलंय. त्यांनी सुनीतीला जवळ बसवून घेतलं आणि केकचा गुलाबाचा तुकडा दिला. पुढच्या वर्षापर्यंत खरं काय ते कळलं होतं, आणि बोलावणंच आलं नाही. भांडण नाही, टाकून बोलणं नाही, काही नाही. सुनीतीनं आईला सांगितलं, की उत्तराला ताप आलाय.

पुढं बी.ए. झाल्यावर एका ऑफिसात मुलाखत झकास झाली, साहेब हसून बोलले, आणि जागा मिळाली त्यांच्या मेव्हणीला. असं पुन्हा झालं, मग आणखी एकदा झालं. सुनीती नेटानं वर चढत राहिली, पण वडील काय करायचे याचा ऑफिसात तिनं कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही. 'गव्हर्नमेंट सर्व्हिस' एवढंच सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. आपल्या हातून मात्र कुणाच्या वशिल्याचं माणूस आत येणार नाही, एवढी गाठ तिनं मनाशी बांधली होती.

तर परवा एका जागेसाठी कृतिका नावाची मुलगी आली. पत्ता पानिपतचा, मार्क उत्तम, उत्तरं त्याहून उत्तम. पण सुनीतीचं लक्ष दाराकडे गेलं होतं. त्या खोलीचं दार जरा उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. येणारा प्रत्येक जण त्याच्याशी झटापट करतो. या मुलीनं ते सहज उचललं आणि लावलं. पुढं चहा आला. चहा देणारी लता सगळ्यांना विचारते, साखर किती. हिला विचारलं नाही, कप नुसता ठेवला. मुलीनं लताकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सुनीतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"इस जगह का पता कैसे चला?" तिनं विचारलं.

"किसी ने बताया, मॅम."

"किसने?"

"घर के... जाननेवाले हैं," मुलगी म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

आता काय राहिलं? डायरेक्टर राघवसाहेबांच्या सासुरवाडीचा पानिपतला चादरींचा कारखाना आहे, हे सगळ्या ऑफिसला माहीत. त्यात संध्याकाळी साहेब लिफ्टपाशी भेटले आणि जाता जाता म्हणाले, "उस पानिपतवाली लड़की का फॉर्म देखा, ठीक लगी मुझे." सुनीतीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ऑफिसची खडान्‌खडा माहिती घरबसल्या मिळालेली, वर चहावालीकडे न बघण्याचा माज.

तिच्या हाताखालचा परीक्षित पुण्याहून आलेला, सरळ मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, तीच बेस्ट आहे, बिल्कुल. तो दुसरा उमेदवार, अंशुमन, ठीक आहे, पण तिच्यापुढे काहीच नाही."

"परीक्षित, तू अजून दिल्ली पाहिली नाहीस. पाणी कुठं मुरतंय ते मला कळतं."

"पण प्रूफ काय आहे?"

"वशिल्याला कधी प्रूफ असतं का?"

अंशुमनला होकार गेला, आणि त्यानं तो तासाभरात स्वीकारलाही. सुनीतीला फार बरं वाटलं. लहानपणीच्या त्या सगळ्या काकूंना आणि साहेबांना आपण परस्पर उत्तर दिलं, असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लता चहा घेऊन आली आणि कप ठेवूनही तिथंच उभी राहिली.

"मैडम, वो पानिपत से जो लड़की आई थी, उसका नहीं हुआ न?"

"नहीं. तुम क्यों पूछ रही हो?"

"मेरी बेटी है."

लता खाली बघत सांगत होती. नवरा गेल्यावर मुलीला पानिपतला भावाकडे ठेवलं, शिकवलं. इथली जागा लतानंच कळवली. जायचं कसं, दार कसं लावायचं, मॅडम काय विचारतात, जे जे ठाऊक होतं ते फोनवर सांगितलं.

"उसने कसम दी थी मुझे. बोली, माँ, मेरी तरफ देखना भी मत, चायवाली की बेटी जानकर बाहर बिठा देंगे." लतानं आता वर पाहिलं. "मैडम, आपको पता चल गया था क्या? मेरी वजह से तो नहीं हुआ?"

झालं होतं ते लतामुळंच, पण लताला वाटत होतं तसं नव्हे. आणि कसं, ते सांगायला सुनीतीकडे तोंड नव्हतं.

"नहीं लता," ती म्हणाली, "तुम्हारी वजह से नहीं. सच में."

"अच्छा," लता म्हणाली आणि कालचा रिकामा कप उचलून निघाली. तिचा विश्वास बसला नव्हता. सुनीतीला ते तत्काळ कळलं, कारण टेबलाच्या त्या बाजूला ती स्वतः उभी असती तर तिचाही बसला नसता.