हरिश्चंद्रांचं लेखी गाऱ्हाणं

आमचे शेजारी हरिश्चंद्र म्हणजे लेखणीचे राजे आणि तोंडाचे मुके. मालवणात कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. त्यांचा अर्ज वाचून मामलेदाराचंही मन द्रवतं, असं लोक म्हणायचे. घरी मात्र हा माणूस चहा हवा असला तर नुसता कप पुढे सरकवायचा. बायको नर्मदा बिचारी बोलकी. ती आधी नवऱ्याशी बोलायची आणि उत्तर आलं नाही की भिंतीशी. आम्हाला सगळं ऐकू यायचं, कारण मधली भिंत दोन्ही घरांना एकच होती.

रवळनाथाच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. मोठे भाऊ गुणाजी ते घालत. एकाने गावासाठी देवाकडे मागायचं आणि दर मागण्याला साऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावाने व्हय म्हटल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, अशी आमची श्रद्धा. गुणाजींनी तोंड उघडलं की देऊळ दणाणायचं.

बासष्ट साली ऐन जत्रेच्या तोंडावर गुणाजींचा घसा पार बसला. शेजारच्या वाडीतला धोंडू टपून होताच.

"तुमच्या घरात दुसरो कोण बोलणारो नसात, तर मान आमच्याकडे येवंदे," तो म्हणाला.

गुणाजींनी धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. हरिश्चंद्र दोन पावलं मागे सरकले. पण पिढ्यानपिढ्यांचा मान जातो म्हटल्यावर काय करणार? घरी गेले आणि लिहायला बसले.

जत्रेला त्यांनी देवापुढे नारळ ठेवला, चष्मा लावला आणि कागद उघडला. "श्री देव रवळनाथ यांचे सेवेशी, समस्त गावकरी मंडळींचा सविनय अर्ज ऐसा जे..." वाक्य सुरू झालं ते संपेचना. पाऊसपाणी, गुरंढोरं, सगळं त्यात शिस्तीत बसलं होतं. फक्त गावाला व्हय म्हणायला कुठे जागा नव्हती. लोक तोंड उघडत आणि पुन्हा मिटत. शेवटी "कळावे" आलं. धोंडू मिशीत हसला. तो नारळ उचलून त्याच्या टाळक्यात घालावा, असं मला मनापासून वाटलं.

गुणाजी उठले. भावाच्या हातातला कागद काढून त्यांनी देवाच्या पायाशी ठेवला आणि आता तोंडाने बोल, अशी खूण केली.

"बा देवा म्हाराजा," हरिश्चंद्रांचा आवाज चिरकला, "माका बोलूक येणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव एका दमात म्हणाला. खोटं काय होतं त्यात?

पण तेवढ्या हुंकाराने माणसाला धीर आला.

"दर्यात जातत तेंका सुखान घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या गुणाजीचो गळो खुलो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुणाजींचे नुसते ओठ हलले. सवयीने धोंडूही व्हय म्हणून बसला, आणि मानाचा प्रश्न तिथेच मिटला.

हरिश्चंद्र मात्र थांबेनात. "आणि म्हाराजा, माझी नर्मदा घरात भिंतीवांगडा बोलता. ही माझी चुकी आसा. ती पदरात घे आणि माका तिच्यावांगडा बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

गाव हसता हसता व्हय म्हणायचंच विसरला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एकटीचाच आवाज आला, गुणाजींनाही कधी जमला नसेल इतका खणखणीत:

"व्हय म्हाराजा!"