फिट असल्यास परत या

डॉक्टरबाईंच्या इमर्जन्सी विभागात शिरण्यापेक्षा तिथून सुटणं अवघड होतं. मलमपट्टी झाली, घरी न्यायच्या सूचनांचा कागद हातात पडला, तरी बाई पडद्याशी वाट अडवून उभ्या. "आता घरी जाऊन काय करशील? सांग बरं." पेशंट गोरा असो की आपला, स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्या सोडत नसत. आम्ही मराठी मंडळी मागून त्यांना 'उलटतपासणी' म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी त्याच हॉस्पिटलच्या आयटीत होते. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या स्टेशनपासूनच गळ्यात ओळखपत्र असं मिरवत यायचे, की जणू कुणी हार घातलाय. सूचनांचे ते कागद छापायला सॉफ्टवेअर निवडायचं होतं. दोन उरली होती. एक साधं, नुसतं इंग्रजी. दुसरं देखणं, कितीतरी भाषांचं, आणि त्या भाषांत चक्क मराठी! 'डोक्याला मार' हे शीर्षक वाचूनच माझे डोळे भरून आले. पुढचं वाचायला काही दिसायला तर हवं ना!

"रडून काय राहिली? वापरून पाहू," बाई म्हणाल्या. त्या नागपूरच्या, एवढ्या वर्षांत इंग्लंडला त्यांचं 'राहिली' काही काढता आलं नव्हतं.

चाचणीचा शेवटचा दिवस. देखण्या सॉफ्टवेअरचा सेल्समन सहीसाठी येऊन बसलेला. दुपारी जिन्यावरून घसरलेले एक काका मराठी कागद घेऊन निघाले. पडद्याशी बाई.

"काका, परत कधी यायचं?"

"ठणठणीत असलो की."

"म्हणजे?"

"असंच लिहिलंय, डॉक्टर. फिट असल्यास ताबडतोब परत या."

मी फिस्सकन हसले. बाई हसल्या नाहीत. फिट आली, झटका आला तर या, असं असायला हवं होतं.

"सकाळी हा कागद कोणाला दिला?" त्यांनी नर्सला विचारलं.

शेजारच्या स्लाऊ गावच्या एका आजींना. डोकं आपटलेलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणजे आत रक्तस्राव व्हायची भीती. आणि बाई तेव्हा माझ्याच मीटिंगमध्ये अडकलेल्या, म्हणजे उलटतपासणीही नाही.

घरचा फोन नुसता वाजत राहिला. मुलाचा मोबाइल बंद. बाईंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. "शॅल वी साइन, डॉक्टर?" सेल्समनने दारातून विचारलं. "सिट डाऊन," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. हार घातलेली मी, मला फोन कुठून लावायचा तेही सुचेना. बाई अँब्युलन्सला आजींचा पत्ता सांगत असतानाच रिसेप्शनवरून हाक आली.

काउंटरशी जांभळा स्वेटर घातलेल्या आजी उभ्या. "कशाला आलात? काय होतंय?" मी ओरडलेच.

"काही नाही गं. अगदी फिट आहे, म्हणून तर बस बदलून आले! तुम्हीच लिहिलंय ना?"

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबायला लावले, पुन्हा तपासलं. सगळं ठीक होतं. मग बाई खुर्चीत बसल्या. ड्यूटीवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

घेतलं ते साधं सॉफ्टवेअर, पण एका अटीवर: प्रत्येक कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा हवा. पेशंट जे परत सांगेल, ते नर्सने तिथे त्याच्याच शब्दांत लिहायचं. त्या कंपनीचा माणूस गोंधळला. "बट इट्स जस्ट ब्लँक."

"यस. दॅट्स व्हॉट आय ॲम बाइंग."

फार वर्षांनी बाई आजारी पडल्या. मी भेटायला गेले, तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. निघताना माझं बोट धरून ठेवलं.

"परत कधी येशील? सांग बरं."

"शनिवारी येईन, बाई."

"फिट असलीस तरच येजो," म्हणाल्या, आणि डोळे मिटून हसल्या.

शनिवारी मी अगदी फिट होते. म्हणून गेले. पलंग रिकामा होता, वर नवी चादर घातलेली.