तुले काय, सूट हाय!

नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईलाही नाही. शाळेत ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांना मी उलटंच सांगून ठेवलंय. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले. एक विनंती — ऐकताना माझी कीव करू नका, ती मला पचत नाही.

मध्यंतरी माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि जरीच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ. ‘खेळ आणि अभ्यास यांचा मेळ घालून देणाऱ्या आदर्श शिक्षिका.’ मुख्याध्यापकांनी लांबलचक भाषण ठोकलं — त्यांना भाषणाला निमित्त लागत नाही, माईक पुरतो. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, मॅडम किती विनयशील! विनय कसला डोंबलाचा? समोरच्या रांगेत बसलेल्या एका मुलीकडे बघायचं मी टाळत होते.

त्या मुलीचं नंतर सांगते. आधी तिच्या मोठ्या बहिणीचं.

अहेरीजवळच्या एका निवासी शाळेत मी गणित शिकवते. माहेर ऊर्जानगरचं. वडील वीजकेंद्रात होते; मी क्वार्टरमध्ये वाढले, नागपूरला शिकले. इथे नेमणूक झाली तेव्हा मला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखं वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही. आमच्या शाळेत खेळाडू मुलांची वेगळी तुकडी असते. पहाटे मैदानावर धावायचं, न्याहारी करायची, आणि पहिल्या तासाला — म्हणजे माझ्या तासाला — बाकावर डोकं टेकून झोपायचं. ‘यांची अक्कल गुडघ्यात,’ असं मी स्टाफरूममध्ये म्हणायची. सगळे हसायचे. मग मी वर्गातही म्हणायला लागले. वर्गातही हसायचे, ज्यांची अक्कल मी गुडघ्यात घातली होती तेसुद्धा.

मुख्याध्यापकांनी खेळाडूंचा जादा तास माझ्या गळ्यात मारला. दुपारी, मैदानावर जायच्या आधी. मी तो बेगार उरकावी तसा उरकायची. फळ्यावर गणित लिहायचं, आपणच सोडवायचं, ‘उतरवून घ्या’ म्हणायचं आणि मोबाईल काढायचा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्या माना हलायच्या. समजलेलं नाही हे मला समजायचं. पण माझं काय जात होतं?

जैवंता मात्र मान हलवत नसे. एटापल्लीच्या पलीकडच्या गावातली पोर, दहावीत. घरी माडिया बोलायची, मराठी सगळी शाळेत शिकलेली. लांब पल्ल्याची धावायची, राज्यापर्यंत जाऊन आली होती. तास संपल्यावर वही घेऊन टेबलापाशी उभी राहायची. “मॅडम, हे कसं आलं?” रोज एकच प्रश्न. हे कसं आलं? खरं सांगू? ती ढ असती तर मला आवडली असती. ढ मुलांवर दया करता येते.

मला तिचा राग होता. का, ते नीट सांगते. मी मान मोडून अभ्यास केला तेव्हा कुठे इथवर पोचले. आमच्या घरात शिक्षण म्हणजे श्वास. खेळायला जाते म्हटलं की बाबा नुसतं पुस्तकाकडे बघायचे. आणि ही पोर मैदानावर पळून पळून वर चाललेली, वर्तमानपत्रात फोटो, वर सवलतीचे गुणही मिळणार! पोटात दुखायचं माझ्या. दुसरं काही नाही.

त्या वर्षी दहावीच्या गणिताचा दुसरा पेपर आणि नागपूरच्या एका क्रीडा अकादमीची निवड चाचणी एकाच दिवशी आली. आमचे खेळाचे शिक्षक बोरकर सर — लग्नातसुद्धा गळ्यात शिट्टी घालून जाणारा माणूस — परीक्षेच्या ड्यूटीवर दुसऱ्या गावी चालले होते. जाता जाता त्यांनी तिला सांगितलं, पेपर असेल तर चाचणी सोड, मॅडमला विचारून घे. म्हणून ती माझ्याकडे आली.

“मॅडम, नागपूरले टायल हाय. त्याच दिवशी पेपर बी हाय. मंग मी कसं करू?”

मी उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “तुले काय वं! तू खेळाडू. तुले सूटच सूट हाय. जा ना!”

टोमणा होता. तुमच्याआमच्या घरातल्या पोराला तो तेव्हाच कळला असता, तोंड एवढंसं करून ते निघून गेलं असतं. आपण मराठी माणसं ‘या, बसा, डोक्यावरच बसा’ म्हणतो, तेव्हा कुणी खरंच डोक्यावर बसत नाही. पण ती मराठी शाळेत येऊन शिकलेली, शब्दाला शब्द धरणारी. मॅडमनी सांगितलं, सूट आहे. खेळाडूंना गुण मिळतात हे तिने ऐकलेलंच होतं. तिचा चेहरा असा काही खुलला की माझ्या ते लक्षात आलं. आलं — हे ध्यानात ठेवा. लक्षात आलं, आणि मी पुढची उत्तरपत्रिका घेतली.

आणखी एक. हे वाक्य माझं नव्हतंच. नागपूरला कॉलेजात असताना कॅन्टीनमध्ये एका मुलाने मला ऐकवलं होतं — ‘तुम्हाला काय, तुम्हाला सवलत आहे!’ सगळ्यांच्या देखत. मी अर्धा चहा टाकून उठले होते. ते वाक्य कसं लागतं हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच माझ्याकडून ते इतकं सफाईने बाहेर पडलं असेल.

तरीही वेळ होता. पेपरच्या आदल्या दिवशी बाजार होता. भाजी घेऊन मी बसस्टँडवरून येत होते, तर जैवंता आणि तिचा भाऊ नागपूरच्या गाडीपाशी उभे. तिच्या पाठीवर पिशवी, पिशवीला बाहेरून बांधलेले बूट. मला बघून धावत आली. “मॅडम, येतो मी,” म्हणाली.

मी काय म्हणायला हवं होतं? ‘अगं वेडे, जाऊ नको, उद्या पेपर आहे.’ एवढंच. पिशवीत वांगी होती, घाई कसलीच नव्हती. मी म्हणाले, “जा. सांभाळून जा.”

का? कारण मला बघायचं होतं. अक्कल गुडघ्यात असते, हे माझं म्हणणं खरं ठरताना बघायचं होतं. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते. तिने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला.

चाचणीत तिची निवड झाली. निकालात गणितात नापास, दुसऱ्या पेपरला गैरहजर. अकादमीला दहावी पास मुलगी हवी होती.

तिचा भाऊ तिला घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत बोरकर सर होते, मीही होते. भाऊ हात जोडून म्हणाला, “सर, मॅडमनं सूट हाय म्हणून सांगतलं म्हणते ते.” मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. “काहो मॅडम, तुम्ही असं म्हटलं का हिले?”

तेव्हाही तोंड होतं मला. वापरलंच.

“मी कशाला असं सांगीन, सर? हिले मराठीच धड समजत नाई. आता आपली चूक माझ्यावर टाकून राह्यली.”

जैवंता माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. भावाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला — खोटं बोलली म्हणून, मॅडमवर आळ घेतला म्हणून. मग तो माझ्या पाया पडला आणि तिलाही पडायला लावलं. आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

पुरवणी परीक्षेला बस, म्हणून बोरकर सर तिच्या गावापर्यंत जाऊन आले. ती आली नाही. शाळेत खोटारडी ठरले, आता येत नाही, म्हणाली. धावणंही सुटलं. पुढच्याच वर्षी लग्न झालं. त्यानंतर मी जादा तास मन लावून घ्यायला लागले, पोरं पास व्हायला लागली आणि त्याचीच शाल माझ्या अंगावर पडली. याला प्रायश्चित्त म्हणू नका. दुकान आहे ते.

आता ती समोरच्या रांगेतली मुलगी. जैवंताची धाकटी बहीण, सोमी. आठवीत आहे, धावते, माझ्याच तासाला बसते. घरी काय बोलणं झालं असेल, मी कधी विचारलं नाही. परीक्षेची तारीख असो, सुट्टी असो, मी वर्गात काहीही सांगितलं की ती उभी राहते आणि शांतपणे विचारते, “मॅडम, खरं सांगून राह्यल्या का?”

वर्ग हसतो. ती हसत नाही. मी म्हणते, “हो, खरं.” ती मान हलवते, आणि मधल्या सुट्टीत तीच गोष्ट बोरकर सरांना जाऊन विचारते.