दत्तूकाकाच्या बोटीवरचा सोबती

मंडळी, सकाळपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून लिहितोय.

दत्तूकाका आमच्या सोयगावचा. एकाहत्तरच्या लढाईत त्याची नौदलाची बोट बुडाली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. "एका क्षणात गेला, त्याला काही कळलंच नाय," असं घरी सांगितलं गेलं. त्याची धाकटी बहीण, माझी आत्या, त्या एका वाक्यावर जगली.

आज शहागंजच्या आमच्या घरी त्याच बोटीवरचे एक म्हातारे सोबती नांदेडहून आले. आत्याचे हात धरून रडायलाच लागले.

"ताई, पाणी शिरलं म्हणून लोखंडी दार मीच लावलं. दत्तू आत राहिला. लई वेळ दार बडवत होता."

आत्यानं विचारलं, "काही बोलत होता का?"

"आईला हाका मारत होता."

मग डोळे पुसून त्यांनी चहा घेतला. निघताना म्हणाले, "आज हलकं वाटलं."

आत्या तेव्हापासून भिंतीला टेकून बसलीय. जेवली नाही. मघाशी एवढंच म्हणाली, "त्यांचं ओझं उतरलं रे. मी आता हे कुणाला सांगू?"

त्यांना घरचा पत्ता मीच मोठ्या हौसेनं दिला होता. खरं सांगा, तुम्ही आत्याला हे ऐकू दिलं असतं का?