दर चौथ्या ठोक्याची खरखर

दुरुस्तीला टाकलेला स्पीकर आणायला गेलो, तेव्हा दुकानातले काका त्याला कान लावून बसले होते. तपासण्यासाठी दिलेली माझी हिपहॉपची सीडी चालू होती.

"आवाज मोकळा झालाय," ते म्हणाले, "पण दर चौथ्या ठोक्याला खरखर येतेच. दोनदा खोलून पाहिला."

मला हसू आलं नाही. कॉलेजात असताना याच अल्बमच्या कॅसेटपायी मीही प्लेअरचं हेड कोलनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने कितीदा पुसलं होतं. पुढे सीडी घेतली, तर खरखर त्याच ठोक्यावर हजर. मग कळलं, की गाण्याचं संगीत रचणाऱ्या प्रोड्यूसरने ग्रामोफोनच्या एका जुन्या तबकडीवरून पियानोचा लहानसा तुकडा उचलला होता आणि त्यासोबत तिच्यावरचा ओरखडाही. तो पुसणं त्याला अवघड नव्हतं. त्याने उलट ड्रम त्या ओरखड्याच्या तालावर बसवले.

तेव्हापासून रॅपरच्या शब्दांआधी मी ती खरखर ऐकतो. कुणाच्या तरी घरात एकदा सुई घसरली असेल, त्यावरून बोलाचालीही झाली असेल. ते घर कुठलं, माणसं कोण, काही माहीत नाही. चुकलेला हात तेवढा गाण्यात राहून गेला.

"खरखर गाण्यातलीच आहे, काका. जुन्या तबकडीवरचा ओरखडा आहे तो."

त्यांनी पुन्हा कान लावला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

"सुई उचलताना हात हललाय," ते म्हणाले. "आमची ही अशीच उचलायची."

मग त्यांनी तेच गाणं परत लावलं.